टाळी कुणाची?

चाळीसगावात सभा झाली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तिचा निकाल लागतो. "भाऊ काय बोलला राव!" ही पहिली पावती. नेमकं काय बोलला, हे विचारायला कुणी थांबत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये, बोदवड नगरपंचायतीच्या प्रचारात, गुलाबराव पाटलांनी आपल्या मतदारसंघातल्या रस्त्यांना हेमा मालिनींच्या गालांची उपमा दिली. राज्य महिला आयोगाने आक्षेप घेतला, मंत्र्यांनी माफी मागितली, प्रकरण मिटलं. बाईच्या देहावरची ही उपमा हीन होती, त्यावर वाद नको. मला खुपतं ते आणखी एक. ते तेव्हा राज्याचे पाणीपुरवठा मंत्री होते आणि बोदवड हा टंचाईसाठी ओळखला जाणारा तालुका. पाण्याचा मंत्री तहानलेल्या गावात आला आणि राज्यभर चर्चा झाली ती गालांची!

शहाद्यातही असंच झालं. नोव्हेंबर 2017 मध्ये साखर कारखान्याच्या कार्यक्रमात जामनेरचे, तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन दारूला बायकांची नावं द्या, खप वाढेल, असं बोलून गेले. दारूने संसार मोडलेल्या घरांतल्या बायकांनी ते कसं ऐकलं असेल? पुढे माफी आलीच. आपल्याकडची माफीही ठरलेल्या साच्याची असते: भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे. म्हणजे दोष बोलणाऱ्याचा नाही, दुखणाऱ्याचा.

अशा बोलण्याची किंमत कशी उतरत गेली, तेही बघण्यासारखं आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर आर. आर. पाटील मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना होतात, अशा अर्थाचं बोलले आणि 1 डिसेंबरला त्यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं. ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेणारा, साधा, लोकांचा आवडता माणूस. पण तेव्हा लोकांनी गय केली नाही. 2013 च्या दुष्काळात धरणातल्या पाण्याबद्दल इंदापूर तालुक्यात जे बोलले, त्याबद्दल अजित पवारांनी माफी मागितली आणि कऱ्हाडला यशवंतरावांच्या समाधीपाशी एक दिवस उपोषण केलं. उपमुख्यमंत्रिपद राहिलं. 2017 आणि 2021 मध्ये नुसत्या माफीवर भागलं. बोलणं सोडा, जुलै 2025 मध्ये विधिमंडळात कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा गवगवा झाला. माणिकराव कोकाट्यांनी इन्कार केला. त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. खेळाचा मंत्री! थट्टा करायला विनोदी लेखकाची गरजच उरली नाही.

नेत्याची जीभ घसरली, असं आपण म्हणतो. पण बरेचदा ती घसरत नाही. टाळी कुठे पडते हे तिला नेमकं ठाऊक असतं. मुलुखमैदान तोफ ही पदवी गुलाबरावांना खान्देशाने कौतुकाने दिली. मग तोफेने मोजूनमापून बोलावं, ही अपेक्षा कुठून आणायची? रस्त्याचा खर्च, योजनेची मुदत सांगणारा वक्ता उभा राहिला की मागच्या खुर्च्या रिकाम्या होतात. पुढच्या वेळी तो शहाणा होतो आणि गंमत सांगतो.

निवडणुका येत राहतील, मांडव पडतील. यंदा एक करून बघा. अचकट विनोदाला हसू नका, आणि जमलं तर उठून विचारा: आमच्या नळाला पाणी कितव्या दिवशी येणार?