आप्तवचन आणि इंजिनातील तेल

जे डोळ्यांना दिसत नाही, ज्याचे फळ हाती येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागतात, आणि ज्याविषयीचा निर्णय मात्र आजच करावा लागतो, अशा विषयात माणसाने कोणाच्या शब्दावर विसंबावे, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी धर्म, परलोक आणि मोक्ष यांच्या संदर्भात विचारला. त्याच प्रश्नाचे अत्यंत निखळ रूप मला एका सर्वस्वी व्यवहारी ठिकाणी आढळते. अमेरिकेतील पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअप ट्रकच्या इंजिनात कोणते तेल घालावे, हे ते ठिकाण होय.

क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो केसाहूनही पुष्कळ पातळ असून त्यावरच सारे इंजिन तरलेले असते. मिनेसोटातल्या शेतकऱ्याला शून्याखाली तीस अंशांच्या पहाटे इंजिन फिरवावयाचे असते, तर टेक्साससारख्या प्रांतात भर उन्हाळ्यात जड ट्रेलर ओढणाऱ्यास तेच तेल तापूनही पाण्यासारखे होऊ नये असे वाटते. या दोन्ही गरजा ध्यानात घेऊन ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ग्रेड ठरविल्या आहेत. १०० अंश सेल्सियसला ज्याची विष्यंदिता (दाटपणा) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक ते २० ग्रेडचे तेल, आणि ९.३ ते १२.५ असेल तर ३० ग्रेडचे. ५डब्ल्यू तेलाची थंडीतील परीक्षा उणे ३० अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. इतके मोजमाप असूनही, कोणत्या तेलाने इंजिन दीर्घायुषी होईल याची रुजुवात मालकास स्वतःच्या डोळ्यांनी करता येत नाही. ती होते तेव्हा इंजिनच संपलेले असते.

अशा स्थितीत प्रत्यक्षवादी पुढे येतो आणि म्हणतो, ‘माझा ट्रक या तेलावर दोन लाख मैल चालला, याहून अधिक प्रमाण कशास हवे?’ परंतु नैयायिकांनी व्याप्तीविषयी, म्हणजे दोन गोष्टींच्या अटळ संबंधाविषयी, जो काटेकोरपणा शिकविला आहे, त्यापुढे हा दाखला टिकत नाही. ते दोन लाख मैल तेलामुळे पार पडले, की मोकळ्या महामार्गामुळे, सौम्य हवेमुळे वा वेळच्या वेळी तेल बदलल्यामुळे, हे अशा उपाधी, म्हणजे आगंतुक कारणे, वगळल्यावाचून सांगता येत नाही. आणि दुसरे तेल घातले असते तर काय झाले असते, हा व्यतिरेक तर त्या मालकाजवळ कधीच नसतो. वापरलेले तेल प्रयोगशाळेत पाठवून त्यातील लोह, तांबे आणि शिसे यांच्या अंशांवरून झीज ताडणे हे अनुमान पुष्कळच वरच्या दर्जाचे होय. परंतु तेथील वर्णपट-यंत्राला अतिसूक्ष्म कणच दिसतात, मोठे तुकडे त्याच्या दृष्टीतून निसटतात. सारांश, प्रत्यक्ष थकले आणि अनुमानही अपुरे पडले की उरतो शब्द, म्हणजे निर्मात्याने गाडीबरोबर दिलेली पुस्तिका.

या पुस्तिकेला काही लोक वेदासारखे मानतात. मीमांसकांनी वेदाला दोषमुक्त म्हटले ते तो अपौरुषेय आहे या आधारावर. जेथे कर्ता नाही तेथे कर्त्याचे अज्ञान नाही आणि लोभही नाही. पुस्तिकेला मात्र कर्ता आहे, आणि तो आपला मजकूर बदलतो. फोर्डच्या एफ-१५० मधील पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाला २०२० पर्यंत ५डब्ल्यू-२० तेल विहित होते. २०२१ पासून त्याच आकाराच्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० विहित झाले. पौरुषेय वचनाची कसोटी वेगळीच असली पाहिजे, आणि ती वात्स्यायनाने न्यायभाष्यात सांगून ठेविली आहे. आप्त कोण, तर ज्याने विषय साक्षात जाणला आहे, ज्याच्या ठायी प्राणिमात्रांविषयी दया आहे, आणि जे जसे आहे ते तसेच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्ट म्हणतो. श्रद्धेच्या विषयात इतकी उदार व्याख्या मला अन्यत्र क्वचितच दिसली आहे. परदेशातील कारखान्यातला अभियंताही तीत बसू शकतो. मात्र त्याने तिन्ही अटी पुऱ्या केल्या पाहिजेत.

पहिल्या अटीविषयी संशय नाही. इंजिन ज्याने घडविले त्याहून ते अधिक कोण जाणतो? दुसरी अट मात्र विचार करावयास लावते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने मोटारींच्या सरासरी इंधनखर्चावर सरकारी बंधन आले, आणि पातळ तेलाने इंधन किंचित वाचते म्हणून निर्माते हळूहळू पातळ तेलाकडे वळले. यात कंपनीचा लाभ आहे हे खरे. पण जाळलेल्या पेट्रोलचा धूर ज्यांच्या छातीत जातो त्या अनोळखी माणसांचाही आहे. पेट्रोल इंजिनाच्या तेलात फॉस्फरसचे प्रमाण मर्यादित ठेवतात, तेही धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ नये म्हणून. तेव्हा ‘पातळ तेल म्हणजे निव्वळ लबाडी’ असा जो सरसकट निवाडा केला जातो तो मला अन्यायाचा वाटतो. भूतदया म्हणजे केवळ ग्राहकावरील दया नव्हे. परंतु लाभ सर्वांचा आणि झिजेचा धोका एकट्या मालकाचा, अशी वाटणी असेल तर ती त्यास उघड सांगितली पाहिजे, आणि येथेच तिसरी अट निर्णायक ठरते. टोयोटाच्या कित्येक पुस्तिकांत ०डब्ल्यू-२० हे इंधनबचतीस आणि थंडीत इंजिन सुरू होण्यास उत्तम असल्याचे सांगून, अतिवेगाने वा अतिभाराने गाडी चालवावयाची असल्यास अधिक दाट तेल योग्य ठरू शकेल, असेही नमूद केलेले असते. कारण आणि मर्यादा दोन्ही सांगणारे हे वचन आप्ताचे आहे. ज्या पुस्तिकेत नुसते फर्मान आहे आणि कारण नाही, तिच्यावरील माझा विश्वास तितक्याच प्रमाणात कमी होतो.

तरी आज, या क्षणी, डबा विकत घेताना काय करावे? येथे मी मीमांसकांचे स्वतःप्रामाण्य स्वीकारतो: बाधक ज्ञान उत्पन्न होईपर्यंत वचन प्रमाण मानून वागावे, कारण संशयाने इंजिनाला वंगण मिळत नाही. पुस्तिकेतील ग्रेड घ्यावी, डब्यावर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ‘एसपी’ ही २०२० पासून चालू असलेली मोहोर वा पुस्तिकेत मागितलेली मोहोर आहे याची खातरजमा करावी, आणि नाममुद्रेचा आग्रह सोडावा. १९७५ च्याच हमीविषयक कायद्याप्रमाणे कंपनी ते तेल फुकट देत नसेल, तर अमुकच नावाचे तेल घाला अशी हमीची अट सामान्यतः तिला घालता येत नाही. भार ओढणाऱ्याने मात्र अतिभाराविषयीचा मजकूर आधी वाचावा.

आणि बाधक ज्ञान आले की हट्ट धरू नये. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या २०२१ ते २०२४ या सालांतील सुमारे सहा लाख गाड्या अमेरिकेत परत बोलाविल्या. त्यांत शेवरोले सिल्व्हराडो १५०० आणि जीएमसी सिएरा १५०० हे पिकअप आहेत. दोष क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्या घडणीतला असल्याचे कंपनीने सांगितले; तरीही जी इंजिने तपासणीत उतरली त्यांना ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० तेल, तेल भरण्याच्या तोंडास नवे झाकण आणि पुस्तिकेस दुरुस्तीचा नवा मजकूर देण्याची तजवीज झाली. ज्यांची गाडी त्या यादीत असेल त्यांनी ती विक्रेत्याकडे तपासून घ्यावी, आणि इंजिन तपासणीत उतरल्यास जुन्या पानाचा अभिमान न धरता नव्या पानाप्रमाणेच तेल घालावे.