पालकाची सही

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या पलासिया भागातील एका परिचित घरी आम्ही संध्याकाळचे गेलो, तेव्हा दिवाणखान्यातील सोफा, टीपॉय आणि आजींची आरामखुर्ची ही सारी मंडळी गच्चीत जाऊन बसलेली होती. मोकळ्या झालेल्या फरशीवर घरातील पंधरा वर्षांची मुलगी बॅलेचा एक तुकडा नाचत होती आणि तिचा मामा दाराशी उभा राहून त्याची चित्रफीत घेत होता. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तरुण नर्तकांसाठी दरसाल जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, तिच्या प्राथमिक निवडीसाठी ही चित्रफीत पाठवावयाची होती. चित्रण आटोपल्यावर प्रवेश-अर्ज निघाला. मुलगी अल्पवयीन, म्हणून पालकाची सही हवी. वडिलांनी लेखणी हातात घेतली आणि ती तशीच धरून ते आम्हांला म्हणाले, "हिच्या वतीने मी सही करावयाची, ती नेमकी कशावर?"

त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न वेळ मारून नेण्याजोगा नव्हता, असे आम्हांला परतीच्या वाटेवरच जाणवले.

प्रथम ही स्पर्धा काय आहे ते सांगितले पाहिजे. कारण 'बॅले' या शब्दाने आमच्या माळव्यात अजूनही वेगळेच चित्र उभे राहते. आजींच्या डोळ्यांपुढे आले ते शांती बर्धन यांनी 1952 साली मुंबईत स्थापिलेल्या आणि पुढे ग्वाल्हेरमार्गे भोपाळला स्थिरावलेल्या लिट्ल बॅले ट्रूपचे रामायण, ज्यात माणसे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालत असत. नात करीत होती तो बॅले निराळा. त्यात मांड्या खुब्यापासून बाहेर वळवाव्या लागतात, आणि कडक टोकाचे बूट घालून सारा देह पायाच्या बोटांच्या टोकावर पेलावा लागतो. लोझानची स्पर्धा 1973 साली फिलिप ब्राउनश्वाइग या उद्योजकाने सुरू केली. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना तीत प्रवेश मिळतो. परीक्षक केवळ रंगमंचावरील दोन नृत्ये पाहत नाहीत; आठवडाभर चालणाऱ्या वर्गांतही स्पर्धकाला न्याहाळतात, कारण त्यांना आजच्या सफाईपेक्षा उद्याची शक्यता पारखावयाची असते. विजेत्याला मिळते ती मुख्यतः एखाद्या नामांकित नृत्यशाळेतील शिष्यवृत्ती. स्पर्धकाच्या प्रकृतीची माहितीही आधी मागविली जाते, कारण या कलेत कृश दिसण्याच्या हव्यासाने कित्येक मुलींनी आपल्या देहाचा नाश करून घेतला आहे. स्पर्धा भरविणाऱ्यांना धोका ठाऊक आहे, ही गोष्ट आम्हांला दिलासा देणारी वाटली. धोका आहे, हेही तीतूनच सिद्ध झाले.

यातील खरी अडचण काळाची आहे. गवयाचा गळा पंचविसाव्या वर्षीही घडविता येतो. लेखकाला तर चाळिशीतही आरंभ करण्याची मुभा आहे. बॅले ती मुभा देत नाही. सांधे वाढत असतानाच त्यांना वळण लावावे लागते, आणि मोठ्या शाळांची दारे विशीच्या आतच बंद होतात. म्हणजे ज्या वयात मनुष्य आपल्या आयुष्याचा निर्णय घेण्यास समर्थ होतो, त्याच्या आधीच हा निर्णय होऊन गेलेला असतो. निर्णयाची वेळ आधी येते आणि निर्णय घेणारा मागाहून जन्माला येतो.

"पण तिचीच इच्छा आहे," असे आई म्हणाली. इच्छा आहे, यात शंका नाही. फरशीवर उडी घेतल्यानंतर त्या मुलीच्या मुद्रेवर जे दिसले, ते कोणी शिकवून येत नाही. तथापि इच्छा आणि संमती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इच्छेला हवे ते दिसले की पुरे. संमतीला मात्र त्यासाठी काय सोडावे लागणार तेही दिसावे लागते. परक्या देशातील वसतिगृहात काढावयाचे दिवस, घोट्याची एखादी दुखापत आणि तिने एका दुपारी पुसून टाकलेली सात वर्षे, हे पंधराव्या वर्षी दिसत नाही. दिसू नये, असेच ते वय असते.

मग "सज्ञान झाल्यावर तिचे तिने ठरवावे" हे उत्तर सुचते. वडिलांचा कल तिकडेच होता आणि ते मोठे निःपक्षपाती वाटते. वस्तुतः ते तसे नाही. अठराव्या वर्षी ठरविण्यास काही उरणारच नसेल, तर थांबणे हाच निर्णय झाला, आणि तोही वडिलांनीच घेतलेला. सही न करणे ही देखील एक सहीच आहे. फक्त ती कागदावर दिसत नाही, म्हणून तिचा जाब कोणी विचारीत नाही.

अशा वेळी आपण थोरांची उदाहरणे काढतो. इंदूरहून तासाभराच्या वाटेवर देवास आहे, आणि तेथे कुमार गंधर्वांनी आयुष्याचा मोठा भाग काढला. 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले हे मूल दहा वर्षांचे होण्याच्या सुमारास गावोगावच्या मैफलींत गाऊ लागले होते. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविणारा बालक म्हणून लोक त्याला पाहावयास जमत. पुढे तो मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे राहिला आणि तेथे अनुकरणाचे गायनात रूपांतर झाले. ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, देवासला पाच-सहा वर्षे मौनात गेली, आणि त्यातून जे गाणे उगवले ते सर्वांच्या परिचयाचे आहे. गोव्याच्या आमच्या वाचकांना कुर्डीच्या मोगूबाई आठवतील. त्याही कोवळ्या वयातच नाटक मंडळीत गेल्या, आणि ज्या समाजात त्या जन्मल्या त्यात मुलीला तिची इच्छा विचारण्याची पद्धतच नव्हती.

ही नावे घेताना आपल्या तर्कात एक लबाडी शिरते, ती आम्हांला नमूद केली पाहिजे. फळ थोर निघाले म्हणून पेरणी न्याय्य होती, असे आपण मागाहून म्हणतो. ज्यांचे कुमार गंधर्व झाले नाहीत, ज्या मुलींना नाटक मंडळीने वापरून सोडून दिले, त्यांची नावे कोणत्याच लेखात येत नाहीत. 2017 साली मुंबईतील एका वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शहा लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला, ही आनंदाची गोष्ट खरीच. परंतु पलासियातील बापाला तिच्यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्याला यशाची शक्यता विचारावयाची नाही. अपयश आले तर सही शुद्ध राहील काय, हे त्याला विचारावयाचे आहे.

याबाबत आम्हांला कोणाकडून काही शिकावयास मिळाले असेल, तर ते वत्सला जोशी या मराठी बाईकडून. त्यांची कन्या दमयंती जोशी, कथकच्या थोर नर्तकी, 1928 साली मुंबईत जन्मल्या. हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांची पत्नी लीला, म्हणजेच नर्तकी मेनका, हिचे स्वतःचे मूल गेले होते, आणि या लहान मुलीला दत्तक घ्यावे असे तिच्या मनात आले. एकीकडे प्रसिद्धी, वैभव आणि कला. दुसरीकडे एक सामान्य आई. आईने मुलगी देऊन टाकली नाही. पण तिने दारही लावून घेतले नाही. दोघींनी मिळून मातृत्व करावयाचे, असे ठरले. वत्सलाबाईंना वेतन मिळू लागले आणि मुलीच्या शिक्षणाची सोय झाली. दहा वर्षांच्या आसपासची दमयंती मेनकेच्या संघाबरोबर युरोपच्या राजधान्यांतून नाचली. पुढे 1968 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 साली पद्मश्री हे मान तिला मिळाले. पण आमचे लक्ष त्यांकडे नाही. मूल कलेच्या हवाली करावे, परंतु त्यावरचा आपला हात काढू नये, ही गोष्ट त्या बाईने कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना ओळखली. तेथे वेतनाचा व्यवहार होता, म्हणून कोणी नाक मुरडील. आम्हांस उलट वाटते: उघड ठरलेला व्यवहार हा मुलांच्या बाबतीत न बोललेल्या त्यागापेक्षा निर्मळ असतो. "तुझ्यासाठी आम्ही एवढे केले" हे कर्ज फेडता फेडता कित्येक मुलांचा जन्म जातो, आणि नृत्य सोडावेसे वाटले तरी ते त्यांना सोडवत नाही.

मेनकेच्या त्या दौऱ्याची दुसरी बाजूही आहे. 1936 साली बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली आणि तीत तिच्या संघाचा गौरव झाला. निमंत्रण अमेरिकेच्या मार्था ग्रॅहॅमलाही होते. ज्या राजवटीने कलावंतांचा छळ मांडला आहे तिच्या मांडवात मी नाचणार नाही, असे सांगून तिने ते नाकारले. मेनकेला दोष देण्यास आम्ही धजत नाही. पारतंत्र्यातील देशाची कला जगापुढे मांडण्याची तिची ओढ आम्ही समजू शकतो. एवढे मात्र खरे की मांडव कोणाचा आहे, हे पाहण्याचे काम सज्ञानाचे आहे. नाचणारे मूल ते पाहू शकत नाही, म्हणून सही करणाऱ्याने पाहिले पाहिजे. लोझानच्या बाबतीत अशी शंका नाही. परंतु तरुण नर्तकांच्या स्पर्धा आज जगभर अनेक आहेत, आणि काहींना प्रवेशमूल्याखेरीज मुलात फारसा रस नसावा, असा आमचा समज आहे.

परकी कला कशाला, हा आक्षेप त्या घरीही निघाला. त्यावर फार वेळ घालवावासा वाटत नाही. याच इंदुरात जन्मलेल्या ना. श्री. बेंद्रे यांनी तैलरंग हाती घेतला, तेव्हा तो काही माळव्याच्या मातीतून निघालेला नव्हता. आणि होळकरांच्या मागोमाग येथे आलेल्या आम्हां मराठी मंडळींना परकेपणाचा हिशेब मांडण्याचा अधिकारही बेताचाच आहे.

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा अर्ज टेबलावर तसाच होता. मधल्या दिवसांत वडिलांनी मुलीला अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेऊन आणले होते. तिच्या दहावीच्या पुस्तकांची जागा बदलू द्यावयाची नाही, असे मायलेकींनी आपसात ठरविले होते. घोटीव फरशीवर उड्या घेतल्याने नडगीच्या हाडांना इजा होते, हे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे खोलीच्या एका बाजूला सुताराकडून लाकडी तक्तपोशी करून घेतली होती, खाली पोकळी ठेवून. आजींची खुर्ची आता कायमचीच गच्चीत गेली होती आणि त्याबद्दल त्यांची तक्रार चालू होती.

वडिलांनी मुलीला समोर बसवून एवढेच विचारले, की मध्येच नको झाले तर ती ते कोणाला सांगेल. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "आजीला." मग त्यांनी सही केली. चित्रफीत मात्र पुन्हा घ्यावी लागली. पहिल्या चित्रणात ऐन गिरकीच्या वेळी शेजारच्या कुकरची शिटी वाजली होती.