तिथीने की तारखेने?

महाराष्ट्रात १ जूनला जितक्या ज्येष्ठांचे वाढदिवस असतात, तितके वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी नसावेत. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला गुरुजी जन्मतारीख विचारत. बाप सांगे, दुष्काळाच्या साली झाला, पोळ्याच्या आदल्या दिवशी. एवढ्यावर हजेरीपटाचा रकाना भरत नाही, तेव्हा पोर सहा वर्षांचं धरून गुरुजी १ जून लिहीत आणि मोकळे होत. पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन, आधार कार्ड, सगळं त्या तारखेवर चाललं. आता नातवंडं हौसेने त्या दिवशी केक कापतात आणि आजोबा निमूट मेणबत्ती विझवतात. त्यांना विचारा, ते पोळाच सांगतील.

तिथी आणि तारीख यांचं भांडण आपल्याकडे फार जुनं आहे. ते बहुतेक वेळा खरं कोण, या मुद्द्यावर लढलं जातं. मला वाटतं, दोघींची कामंच वेगळी आहेत. रामनवमीला यंदाची कितवी, असं कुणी विचारत नाही. दुपारी बाराला पाळण्याची दोरी ओढली जाते तेव्हा राम नुकता जन्मलेला असतो. तळहातावर पडणारा चिमूटभर सुंठवडासुद्धा बाळंतिणीच्या खोलीतून आल्यासारखा, सुंठेचा आणि उष्ण. तारखेच्या दिवसाला मात्र पहिला प्रश्न 'कितवा' हाच. रौप्यमहोत्सव, अमृतमहोत्सव, शताब्दी. गोष्ट एकदाच घडली आणि ती दर वर्षी आपल्यापासून एक वर्ष लांब जाते आहे, हे तारीख विसरू देत नाही.

तिथी चंचल आणि तारीख पक्की, असंही आपण गृहीत धरतो. तिथी चंचल आहे खरी. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, आणि चंद्राची चाल एकसारखी नसल्यामुळे ती कधी एकोणीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तास रेंगाळते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून अधिक महिना घालून सूर्याशी हिशेब जुळवावा लागतो. तो कधी घालायचा यावरही एकमत नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी येऊन जातो आणि शेजारी श्रावणाचे उपास करत बसतात.

पण तारीख तरी कुठे पक्की आहे? सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या मितीचं हे रूपांतर जुन्या ज्युलियन कालगणनेतलं आहे. आज भिंतीवर असते त्या कालगणनेने तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. जागतिक महिला दिनाच्या ८ मार्चचंही तसंच. १९१७ साली पेत्रोग्राडच्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या भिंतीवर २३ फेब्रुवारी होती. आणि आपली संक्रांत, जिची तारीख कधी बदलत नाही असं शाळेत शिकवतात? विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, १२ जानेवारी १८६३. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. तारखेने पाळला जाणारा राष्ट्रीय युवा दिन १२ला थांबला आणि संक्रांत तिळगूळ घेऊन पुढे गेली.

तिथीचा मोठेपणा मला पितृपक्षात सर्वांत जास्त जाणवतो. गेलेल्याची तिथी घरात कुणालाच आठवत नसेल, परगावी गेलेला परतलाच नसेल, तर त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठीही एक दिवस राखून ठेवण्याची ही तजवीज कुठल्याही सरकारी दप्तराला सुचलेली नाही. दप्तराला सुचतो तो १ जून.

निव्वळ शहाणपणाने आखलेले दिवस मात्र माणसांत रुजत नाहीत. मेघनाद साहांच्या समितीने देशभरच्या पंचांगांचा गुंता अभ्यासून एकच राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. २२ मार्च १९५७ला, म्हणजे १ चैत्र १८७९ला, ती लागू झाली. शास्त्राच्या दृष्टीने चोख काम. आकाशवाणी तिच्यातली सौर मिती सांगते, राजपत्रावर ती छापली जाते, आणि तिच्याप्रमाणे एकही बारसं होत नाही. त्याच २२ मार्चला १९९३पासून जागतिक जल दिनही असतो. शाळेत फलक लागतो, घोषणा होतात. टँकरमागे हंडे घेऊन पळणाऱ्या बाईला तो कळण्याचं कारण नाही.

याउलट ढाका. २१ फेब्रुवारी १९५२ला बांगला भाषेसाठी तिथे विद्यार्थ्यांनी गोळ्या खाल्ल्या. १९९९ साली युनेस्कोने तो दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला, पण ढाक्यातली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून भल्या पहाटे अनवाणी, फुलं घेऊन शहीद मिनारकडे चालत जात होती. ठरावाने आलेला दिवस आणि पायांनी आलेला दिवस यांत फरक पडतो तो इथे. (त्यानंतर सहाच दिवसांनी, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपला मराठी भाषा गौरव दिन येतो. त्या दिवशी आपण पायांना काही काम देत नाही, अंगठ्याने शुभेच्छा पुढे ढकलतो.) १९५२च्या त्या दिवशी बांगला पंचांगात ८ फाल्गुन होता. पुढच्या पंचांगसुधारणेत हा मेळ तुटला, २१ फेब्रुवारी ९ फाल्गुनला येऊ लागली. तेव्हा २०१९ साली बांगलादेशाने महिनेच बदलले. आश्विनाला एक दिवस दिला, फाल्गुनातला एक काढला, आणि २१ फेब्रुवारी पुन्हा ८ फाल्गुनवर आणून बसवली. स्मरणासाठी पंचांगाला कात्री लावणारा देश विरळाच.

आपण तसं करणार नाही. आपल्याला दोन्ही दिवस हवे असतात, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती अशोक विजयादशमीला. त्या वर्षी दसरा १४ ऑक्टोबरला होता. आज १४ ऑक्टोबरलाही धम्मचक्र प्रवर्तन दिन होतो आणि दीक्षाभूमीवर पांढऱ्या वस्त्रांतली अफाट गर्दी लोटते ती दसऱ्याला. रायगडावरही राज्याभिषेक दोनदा साजरा होतो, एकदा ६ जूनला आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. अधिक ज्येष्ठ आला की तिथीचा सोहळा जूनअखेर जातो. तोवर गडावर पाऊस धरलेला असतो, आणि छत्र्या, रेनकोट सावरत माणसं मेघडंबरीपर्यंत चढतातच.