अर्धं वावर

नवापूरजवळच्या एका पाड्यावर एक शेतकरी राहत होता. तूर पेरायचा, डाळ मिलला घालायचा. एका हिवाळ्यात सकाळी उठल्या उठल्या त्याचं डोकं ठणकू लागलं, ओकाऱ्या होऊ लागल्या. मग उजव्या हातातून विळा गळायला लागला. मेंदूत गाठ निघाली. मुलाने त्याला सुरतमार्गे मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात आणलं.

ऑपरेशन झालं. गाठ ग्लायोब्लास्टोमाची होती. ती कितीही काढली तरी तिचे धागे मेंदूत राहतातच. म्हणून सहा आठवड्यांत ३० वेळा किरणांचा शेक आणि सोबत रोज टेमोझोलोमाइडची गोळी सुरू झाली. बापलेक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले.

एक दिवस डॉक्टर म्हणाले, "काका, एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. नेहमीचा उपचार सगळ्यांनाच मिळेल. नवं औषध निम्म्यांना. कोणाला, ते कॉम्प्युटर ठरवतो, मी नाही. नको वाटलं तर कधीही सोडा, उपचार थांबणार नाही."

मुलगा उखडला. "म्हणजे बाबांवर प्रयोग?"

डॉक्टरांनी गोळ्यांची डबी उचलली. "युरोप-कॅनडातल्या ५७३ रुग्णांनी असाच होकार दिला, तेव्हा ही आली. निम्म्यांना नुसता शेक, निम्म्यांना शेक आणि गोळी. २००५ साली हिशेब छापून आला. दोन वर्षांनी नुसत्या शेकवाल्यांतले शंभरात १० हयात होते, गोळीवाल्यांतले २६."

"सव्वीसच?"

"सव्वीसच."

म्हातारा अडखळत बोलला, "नवं बी मी अर्ध्या वावरातच पेरतो. अर्ध्यात जुनं. नाहीतर बी चांगलं का पाऊस, कळायचं कसं?"

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून एका तिऱ्हाइताला साक्षीला बसवून मराठीतला कागद पुन्हा वाचला गेला. त्याने अंगठा उठवला.

वाट्याला जुनं बी आलं. मुलगा हिरमुसला. बाप मात्र नेमाने तपासणीला येत राहिला. दुसऱ्या साली तुरीची काढणी झाली आणि तो गेला.

त्या ५७३ जणांतल्या गोळी मिळालेल्यांची आठवण निघते. पण ज्यांना ती मिळाली नाही, त्यांच्याविना त्या २६ ना अर्थच आला नसता. गोळीचा गुण त्यांनीही सिद्ध केला.

दिवसकार्य उरकल्यावर मुलाने रुग्णालयात फोन करून बाप गेल्याची तारीख कळवली. "त्या औषधाचा गुण येतो का?"

"अजून रुग्ण घेणं चालू आहे," पलीकडून उत्तर आलं.

"कळलं की सांगा," तो म्हणाला, आणि आपला नवा नंबर लिहून घ्यायला लावला.