नको म्हणणारी सोबतीण

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञान मालिकेत 1981 साली टेगन जोव्हांका आली. ऑस्ट्रेलियन हवाई सुंदरी, नोकरीवर रुजू व्हायला हीथ्रो विमानतळाकडे निघालेली. वाटेत मोटारीचं चाक पंक्चर झालं, मदत मागायला ती रस्त्याकडेच्या निळ्या पोलीस खोक्यात शिरली; ते होतं मालिकेच्या नायकाचं, डॉक्टरचं कालयान, आणि ती त्यात अडकली. तिच्यासोबतच्या व्हेनेसा आंटीचा त्याच कथेत खून झाला. पुढे डॉक्टर तिला हीथ्रोला पोचवायला निघतो आणि यान भलत्याच काळात उतरतं. टेगन चिडते, भांडते. अनेकांना ती किरकिरी वाटते. मला ती मालिकेतली सर्वांत गरजेची व्यक्ती वाटते. डॉक्टरचा पराक्रम कोणाच्या जिवावर चाललाय, हे ती त्याला तोंडावर विचारते. 1984 मध्ये डालेक या शत्रूंच्या हल्ल्यात इतकी माणसं मेलेली तिला सोसत नाहीत आणि ती निघून जाते. तिच्या जाण्याने डॉक्टरला स्वतःच्या वागण्याचा विचार करावा लागतो.

थोरामोठ्याच्या मागे कुरकुरत जाणारा सोबती सातारा-सांगलीकडच्या प्रेक्षकाला नवा नाही. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. त्यांच्या खेळांत सूत्रधाराच्या मंगलाचरणानंतर वनचराच्या वेशातला विदूषक यायचा आणि देवांच्या कथेआधी माणसाची थट्टामस्करी व्हायची. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी ज्या तमाशाला लावण्या दिल्या, त्याच्या गौळणीत लंगडा, बोबडा पेंद्या कृष्णाच्या पाठीशी असतो. या पात्रांना आपण जीभ दिली, भरपूर दिली. पण त्यांच्या बोलण्यावर हसून झालं की कथा ठरल्या वाटेने पुढे जाते. पेंद्याने कृष्णाची साथ सोडली आणि कृष्ण थबकला, असं गौळणीत होत नाही.

हे मला खटकतं, कारण विज्ञानाच्या मोठ्या कथेत न विचारता ओढलेली माणसं याच मुलखात आहेत. कोयनेचं धरण झालं, त्याच्या शिवसागर जलाशयात गावं गेली. उठवलेली कुटुंबं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडे पांगली. कोयनेच्या विजेवर राज्यातले कारखाने उभे राहिले, हे खरंच आहे आणि ते मोठं काम होतं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केलं; जलाशयांमुळे होणाऱ्या भूकंपांच्या जगभरच्या अभ्यासात कोयनेचं नाव तेव्हापासून आघाडीवर आहे. धरणग्रस्तांचे जमिनीचे दावे मात्र पुढच्या पिढ्यांपर्यंत लोंबकळत राहिले.

जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला भक्कम पाया दिला. त्यांच्या कथांच्या केंद्रस्थानी बहुधा अशी ओढलेली माणसं नसतात, शास्त्रज्ञ असतो, आणि ते स्वाभाविकही आहे. शोधाची गोष्ट शोध लावणाऱ्याच्या डोळ्यांनी सांगणं सोपं जातं. आता मराठीत विज्ञान मालिका लिहिली जाईल तेव्हा तिच्यातल्या यानात कोयनेच्या पाटण-जावळीकडची एक बाई हवी. तिला भविष्य बघायची हौस नाही, घरी जायचंय. तिला विनोदापुरती ठेवू नये. तिने नको म्हटलं की शास्त्रज्ञाला बेत बदलावा लागेल, पुढच्या भागाचं कथानकच वेगळं होईल, इतकं वजन लेखकाने तिच्या शब्दाला द्यावं.