सरासरीचा न्याय

मोजमाप हें निःपक्षपाती असतें, अशी आपणां सर्वांची दृढ समजूत आहे. माणसाचें मत रागलोभानें वांकडें होतें. तराजूचा कांटा मात्र कोणाची भीड धरीत नाहीं, असें आपण मानतों. म्हणूनच एखाद्या वादांत कोणी आंकडे पुढें ठेवले कीं समोरचा गृहस्थ बहुधा गप्प बसतो. ही समजूत निराधार नाहीं; परंतु ती अर्धीच खरी आहे. कांटा निःपक्षपाती असेल, पण तराजू कोणाच्या दारांत मांडावयाचा हें कांटा ठरवीत नाहीं. तें माणूस ठरवितो. आणि एका दारांत घेतलेलें माप दुसऱ्या दाराला लावावें कीं नाहीं, हा प्रश्न तर गणिताइतकाच नीतीचा आहे. या प्रश्नाचा विचार आम्ही येथें अशा एका विषयाच्या आधारें करणार आहों, कीं जो वरवर पाहतां केवळ इंजिनियरांचा वाटतो. बिनतारी संदेशाच्या लहरींचे मार्ग कसे मोजतात आणि त्या मापांवरून पुढील पिढीच्या दूरसंचाराची योजना कशी आंखतात, हा तो विषय होय.

टॉवरवरून निघालेली लहर आपल्या हातांतील मोबाईलपर्यंत एकाच सरळ वाटेनें येते, अशी कोणाची कल्पना असेल तर ती सोडून दिली पाहिजे. विजापूरच्या गोलघुमटांत उच्चारलेला एक शब्द अनेक वेळां परत ऐकूं येतो, हें पुष्कळांनीं अनुभविलें असेल. रेडिओलहरीचेंही तसेंच होतें. ती घरांच्या भिंतींवर, पत्र्याच्या छपरांवर, डोंगराच्या कड्यांवर आपटून परतते. तिचा कांहीं भाग सरळ येतो, कांहीं वळसा घेऊन येतो. लहरीची गति सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर असल्यामुळें ३०० मीटरांचा वळसा म्हणजे सेकंदाचा केवळ दहा लक्षावा भाग उशीर. पण तेवढ्यानेंही संदेशाचीं अक्षरें एकमेकांत मिसळूं शकतात. म्हणून संशोधक ओळखीची एक लहर एका ठिकाणाहून सोडतात, आणि दुसऱ्या ठिकाणीं ती किती क्षीण होऊन, किती उशिरां, किती दिशांनीं पोंचली हें टिपून घेतात. अशीं हजारों मापें गोळा झालीं कीं त्यांतून एक गणिती नमुना तयार होतो. पुढें नव्या मुलखांत टॉवर उभारावयाचा असला म्हणजे प्रत्येक वाडीवर जाऊन मोजण्याचें कारण उरत नाहीं. अमुक अंतरावर अमुक इतकी रेंज मिळेल, असें नमुनाच सांगतो.

या नमुन्यांतील फार प्रसिद्ध असा एक जपानांत जन्मला. योशिहिसा ओकुमुरा व त्यांचे सहकारी यांनीं टोकियो व भोंवतालच्या प्रदेशांत विस्तृत मापें घेऊन तीं १९६८ सालीं आलेखरूपानें प्रसिद्ध केलीं. १९८० सालीं मासाहारू हाता यांनीं त्या आलेखांना आटोपशीर सूत्रांचें रूप दिलें. मोकळ्या अवकाशांत अंतर दुप्पट झालें तर लहरीची शक्ति चौथ्या हिश्शावर येते. परंतु हाता यांच्या सूत्राप्रमाणें, टॉवर ३० मीटर उंच असतां, ती जवळजवळ अकराव्या हिश्शावर येते. चार आणि अकरा यांतील हा फरक कोणी केला? टोकियोच्या घरांनीं, रस्त्यांनीं आणि तेथील भूमीच्या चढउतारांनीं. म्हणजे त्या निर्जीव दिसणाऱ्या सूत्राच्या पोटांत एक शहर दडलेलें आहे. सूत्रकर्त्यांनीं आपल्या सूत्राच्या मर्यादा सांगून ठेवल्या होत्या. कोणत्या कंपनसंख्येपर्यंत, किती अंतरापर्यंत, किती उंचीच्या टॉवरला तें लागू पडतें, हें त्यांनीं लपविलें नाहीं. परंतु सूत्र जगभर जातें तेव्हां त्याच्या मर्यादा त्याच्याबरोबर तितक्या वेगानें प्रवास करीत नाहींत.

आतां हें सूत्र घेऊन आपण कोल्हापूर जिल्ह्यांत उतरूं. पूर्वेकडील शिरोळ व हातकणंगले हे तालुके सपाट आहेत. तेथें त्याचा अंदाज पुष्कळसा जमेल. पण पश्चिमेस वळलों कीं भूमीचें रूप पालटतें. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या भागांत सह्याद्रीचे फांटे हाताच्या बोटांसारखे पसरले आहेत आणि त्या बोटांमधून कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या वाहतात. वस्ती आहे ती या खोऱ्यांतून. टॉवरपासून सारख्याच अंतरावर दोन वाड्या असतात. एक फांट्याच्या अलीकडे, एक पलीकडे. पहिलीस सगळें मिळतें, दुसरीस कांहींच नाहीं. त्यांत ऋतूंची भर पडते. फेब्रुवारींत ऊस तुटून मोकळें झालेलें शिवार आणि भाद्रपदांत माणसाच्या डोक्यावरून गेलेला, पानापानांत पाणी साठविलेला ऊस, हीं लहरीच्या दृष्टीनें दोन निराळीं राज्यें आहेत. लहर जितकी आखूड तितकें झाडापाल्याचें हें शोषण अधिक. आणि भारतांत २०२२ सालीं लिलांव झालेल्या पट्ट्यांपैकीं सर्वांत वरच्या, २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहर तर सेंटीमीटरभराहून किंचित् मोठी असते. गगनबावड्याचा पाऊसही तिला जाणवेल.

शास्त्राला हें ठाऊक नाहीं असें नव्हे. फांट्याच्या आड लहर क्षीण होते, त्या प्रकाराला शास्त्रांत 'सावली' असेंच नांव आहे. पण ती सावली नमुन्यांत कशी येते, हें पाहण्यासारखें आहे. ती यदृच्छेच्या रूपानें येते. सरासरी काढावयाची आणि तिच्या खालींवर प्रत्यक्ष मापें किती हेलकावतात तो आंकडा जोडून द्यावयाचा. ग्रामीण भागांत, टॉवर दृष्टीआड असतां, हा आंकडा जागतिक कसोटींत ८ डेसिबेल धरला आहे, म्हणजे शक्ति सहा पटींनीं अधिक किंवा सहा पटींनीं उणी. जणू फांसे टाकून कोणत्या वाडीवर सावली पडावी हें ठरतें! योजना करणाराला यांत वावगें कांहींच दिसत नाहीं. शंभरांपैकीं पंचाण्णव ठिकाणीं रेंज मिळाली कीं त्याचें काम पुरें होतें. उरलेलीं पांच कोणतीं, हें त्याला जाणण्याची गरज नसते.

आमच्या मतें सर्व नैतिक प्रश्नाचें मूळ येथें आहे. फांसा पुन्हां टाकतां येतो. डोंगर हलत नाहीं. आज ज्या वाडीवर सावली आहे तिच्यावर उद्यां आहे, परवां आहे, तिच्या नातवंडांवरही आहे. नमुना करणाराला जो योगायोग, तोच त्या वाडीला प्रारब्ध होऊन बसतो. योगायोगानें होणारा तोटा समाजांत वांटला जातो, म्हणून तो सुसह्य असतो. आज तुमची पाळी, उद्यां आमची. पण तेंच पांच टक्के लोक दर वेळीं तोटा सोशीत असतील तर त्याला योगायोग म्हणणें हें अज्ञान उरत नाहीं, ती उपेक्षा होते. आणि हा तोटा करमणुकीचा म्हणून सोडून देतां येण्याजोगाही नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेच्या महापुरानें शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस अडविला होता. अशा वेळीं हांक पोंचविणारी वाट लहरीची उरते. २०२० सालीं शाळा घराच्या आंत आल्या तेव्हां सह्याद्रीच्या कुशींतील मुलें पुस्तक घेऊन डोंगरमाथ्यावर बसलीं, तीं हवा खाण्यासाठीं नव्हेत.

हीच गोष्ट जागतिक पातळीवर घडली, आणि तींत आपल्या देशानें जी भूमिका घेतली ती समाधानाची आहे. पांचव्या पिढीच्या यंत्रणांची परीक्षा घेण्यासाठीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २०१७ सालीं कसोट्या ठरविल्या. त्यांत ग्रामीण भागाची जी नेहमींची कसोटी होती, तींत दोन टॉवरांमध्यें १७३२ मीटर अंतर धरलें होतें. आणि खेड्यांतील माणसांपैकीं निम्मे घरांत, निम्मे तासाला १२० किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या मोटारींत! पायीं चालणारा एकही नाहीं. आपल्या शिवारांतून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येणारी बाई या कसोटीच्या जगांत जन्मलीच नव्हती. भारताच्या आग्रहामुळें तेथें आणखी एक कसोटी जोडली गेली. तींत टॉवरांमधील अंतर ६ किलोमीटर आहे, शंभरांत चाळीस माणसें घरांत, चाळीस पायीं आणि वीसच वाहनांत आहेत. तेंही वाहन तासाला ३० किलोमीटर चालणारें. ग्रामपंचायतीपर्यंत तंतुवाहिनी पोंचली कीं तेथील एका टॉवरनें भोंवतालच्या वस्त्यांना कवेंत घ्यावें, ही आपल्याकडील वस्तुस्थिति तिच्या मुळाशीं होती. तिला उतरेल अशी यंत्रणा मद्रासच्या आय. आय. टी. सारख्या संस्थांनीं सिद्ध केली. २०२१ सालीं ती जागतिक शिफारशींत आली आणि पुढें सामाईक प्रमाणांत मिसळली गेली. यंत्रणेचें पुढें कांहींही होवो. पायीं चालणारा माणूस एकदां हिशेबांत आला, हें महत्त्वाचें आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. कोणी म्हणेल, प्रत्येक वाडीचें माप घेत बसलें तर टॉवर कधींच उभा राहणार नाहीं. सरासरी ही तुमच्या आमच्या सोईची क्लृप्ति नव्हे. ती न्यायाचीच एक रीति आहे. ती वजनदार माणसाचें घर ओळखीत नाहीं. नमुना टाकून दिला तर टॉवर कोठें जाईल? ज्याचा आवाज मोठा त्याच्या वावरांत. हें म्हणणें खरें आहे. शिवाय सावली कोठें पडेल हें उंचसखल भूमीच्या नकाशावरून आगाऊ सांगणारीही गणितें आज आहेत. म्हणजे नमुनाच अन्यायाचा शोधही लावूं शकतो. आमची तक्रार नमुन्याविरुद्ध नाहीं. नमुन्याला भूमि समजण्याच्या संवयीविरुद्ध आहे.

यास्तव नमुना वापरणारावर कांहीं कर्तव्यें येऊन पडतात. पहिलें असें, कीं माप कोठें, कोणत्या ऋतूंत व कसें घेतलें हें त्यानें मापाबरोबर सांगितलें पाहिजे. रेंज मोजणारीं यंत्रें बहुधा मोटारींत ठेवून रस्त्यानें फिरवितात. ज्या धनगरवाड्यापर्यंत रस्ता नाहीं तेथें मापही नाहीं, आणि मापाच्या वहींत मात्र तेथें 'नाहीं' असें लिहिलेलें नसतें, तेथें कांहींच लिहिलेलें नसतें. दुसरें असें, कीं सरासरीच्या शेजारीं सर्वांत वाईट स्थितींतल्या गांवाचें नांव आलें पाहिजे. कंपन्यांनीं आपल्या सेवेचे नकाशे प्रसिद्ध करावेत, असें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२४ च्या नियमांनीं ठरविलें आहे. त्या नकाशावरील रंग कोठें मोजलेला आणि कोठें केवळ गणितानें भरलेला, हें वाचणाराला कळलें तरच त्या नियमाचें सार्थक होईल. तिसरें कर्तव्य सर्वांत अवघड आहे. गांवकरी जेव्हां "आमच्याकडे रेंज नाहीं" असें सांगतो, तेव्हां तो नकाशाशीं वाद घालीत नसतो, तो माप देत असतो. त्याच्यापाशीं यंत्र नाहीं, पण तो त्या जागीं बारा महिने उभा आहे, आणि तितका वेळ कोणतेंही यंत्र तेथें उभें राहिलेलें नाहीं.

कोल्हापूरला मोजमाप परकें नाहीं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारांत १९९९ सालीं बसविलेल्या रडारनें ८० किलोमीटरांहून उंच आकाशांतले वारे वर्षानुवर्षें टिपले आहेत. आणि सरासरीच्या पोटांत कोण दडपला जातो, हें पाहण्याची दृष्टि तर या नगरीला त्याहून जुनी आहे. संस्थानच्या नोकऱ्यांत भरती गुणानेंच होते, असें म्हणणारे १९०२ सालींही होते. शाहू महाराजांनीं त्या नोकऱ्यांत कोण आहे आणि कोण नाहीं तें पाहिलें, आणि रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें, तेव्हां शाळेला गांवापर्यंत जावें लागलें. दोन्ही वेळीं प्रश्न एकच होता: आंकडा किती हा नव्हे, आंकड्याबाहेर कोण, हा.

सहाव्या पिढीच्या यंत्रणा २०३० च्या सुमारास येतील अशी अपेक्षा आहे, आणि सर्वत्र संपर्क हें त्यांच्या जाहीर उद्दिष्टांपैकीं एक आहे. 'सर्वत्र' हा शब्द उच्चारणें सोपें आहे. त्याचा अर्थ कसोटीच्या बारीक अक्षरांत ठरेल. तीं अक्षरें लिहिणारांनीं धामणीच्या किंवा तुळशीच्या खोऱ्यांत, फांट्याच्या पलीकडील एखाद्या वाडीवर, ऐन आषाढांत एक दिवस काढावा. मापें घरीं नेऊन मग हवी तेवढी सरासरी काढावी.