ओक लावावा की गवत?

गेल्या नाताळात इंग्लंडहून आमच्या भाच्याचे पत्र आले. लंडनच्या बाहेर त्याने लहानसे घर घेतले आहे आणि घरामागे जेमतेम वीस पावलांची बाग आहे. कन्येच्या स्नानसंस्काराची आठवण म्हणून त्या बागेत काहीतरी लावावे असे उभयतांच्या मनात आले. पण काय लावावे यावर एकमत होईना. भाच्याला ओक हवा. भाचेसुनेला रोपवाटिकेत पाहिलेले उंच तुऱ्यांचे शोभेचे गवत हवे. जागा एकापुरतीच. ‘मामा, आता तुम्हीच सांगा,’ असे लिहून त्याने तो तंटा समुद्रापलीकडून आमच्या ओटीवर आणून टाकला.

खरे सांगायचे तर पत्र वाचून होण्याआधीच आमचा निकाल तयार होता. ओक! स्नानसंस्काराची आठवण म्हणून कोणी गवत लावतो काय? इंग्लंडातील ओक शेकडो वर्षे जगतो. त्याला भरपूर फळ धरण्यासाठी सुमारे चाळीस वर्षे जावी लागतात. म्हणजे लावणारा पंचविशीतला असेल तर पासष्टीला त्याला फळ दिसणार. पुढे मात्र तो एकटाच एखाद्या गावासारखा होतो. कीटक, पक्षी, शेवाळे, बुरशी अशा दोन हजारांहून अधिक जाती त्या देशात ओकच्या आश्रयाने राहतात.

आणि आम्हां ख्रिस्ती जनांना ओक परका नाही. मम्रे येथील ओकवृक्षांच्या सावलीत आब्राहामाने तीन अनोळखी पाहुण्यांचे पाय धुण्यासाठी पाणी मागवले. फ्रान्सचा राजा संत लुईस मिस्सा झाल्यावर व्हॅंसेनच्या वनात ओकच्या बुंध्याशी टेकून बसे आणि गोरगरिबांच्या फिर्यादी ऐके. नॉर्मंडीत आलुव्हिल या गावी चर्चजवळ एक पुरातन ओक आहे. १६९६ साली तेथील धर्मगुरूंनी त्याच्या पोकळ खोडात पवित्र मरियेचे लहानसे प्रार्थनागृह केले आणि ते आजही आहे. इतकी मोठी मंडळी ज्याच्या बाजूने साक्षीला उभी, त्याच्यासमोर गवताने काय बोलावे?

पवित्र शास्त्रात गवत येते ते बहुधा माणसाला त्याची पायरी दाखवायलाच. स्तोत्रकर्ता, यशया संदेष्टा, संत याकोब, सर्वांनी सुकणाऱ्या गवताकडे बोट दाखवून आमचा अहंकार खाली आणला आहे. प्रभू येशूने मात्र डोंगरावरील प्रवचनात तेच गवत वेगळ्या नजरेने पाहिले. उद्या भट्टीत जाणार हे ठाऊक असूनही स्वर्गीय पिता त्याला आज नटवतो, आणि तेही शलमोनाला लाजवील असे. टिकणार नाही म्हणून त्याच्यावर कमी मेहनत घ्यावी, असे काही निर्मात्याच्या मनात आलेले दिसत नाही. हे आठवले आणि आमचा निकाल थोडा डळमळला.

मग आम्ही त्या गवताची चौकशी केली. पोट्सडामच्या कार्ल फोर्स्टर या जर्मन रोपवाटिकाकाराचे (१८७४–१९७०) नाव त्याला दिलेले आहे. दोन रानगवतांचा तो संकर. पुरुषभर उंचीचे ताठ तुरे उन्हाळ्याच्या आरंभी गुलाबी छटेचे असतात आणि पुढे पिकलेल्या गव्हासारखे सोनेरी होतात. हिवाळ्यात बाग ओस पडते तेव्हाही हे वाळलेले तुरे धुक्यात उभेच असतात. थंडी संपता संपता सारे गवत जमिनीलगत कापायचे; वसंतात ते पुन्हा फुटते. या साऱ्याहून एका गोष्टीने आमचे लक्ष वेधले. या गवताला उगवणारे बी धरत नाही. कोणीतरी बेट उपटून, त्याचे तुकडे करून, पुन्हा लावले तरच त्याचा विस्तार होतो. काही वर्षांनी बेटाचा मधला भाग झिजू लागतो. तेव्हाही उपाय हाच, उपटा आणि वाटा. ओकला माणसाची एवढी गरज नाही. जे नावाचा कावळ्याच्या कुळातील एक पक्षी शरद ऋतूत त्याची हजारो फळे जमिनीत पुरून ठेवतो आणि काही विसरतो. त्या विसरलेल्या फळांतून ओक उगवतात.

वसईच्या वाचकाला हे ऐकून आपली केळ आठवेल. आमच्या वाड्यांतल्या राजेळीला तरी कुठे बी असते? एका वाडीतून दुसऱ्या वाडीत, सासरहून माहेरी, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे मुनवा गेला म्हणून ती टिकली. एका पिढीने आळस केला असता तर केळ संपली असती.

इकडे ओकविषयी एक अडचण पुढे आली. लंडनच्या परिसरात पुष्कळ ठिकाणी जमीन चिकणमातीची आहे. ती ओलीने फुगते आणि सुकली की आक्रसते. मोठा ओक उन्हाळ्यात त्या मातीतले पाणी ओढून घेतो, माती आक्रसते, जवळच्या घराचा पाया खचतो आणि भिंतींना तडे जातात. तडे कोणाच्या भिंतीला? लावणाऱ्याच्या नव्हे, त्याच्या आयुष्यात झाड तेवढे वाढतही नाही. तडे पन्नास-साठ वर्षांनी त्या घरात राहणाऱ्याच्या, किंवा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याच्या भिंतीला.

येथे आम्हांला आमच्या पहिल्या निकालाची लाज वाटली. आपण पुढच्यांसाठी लावतो असे म्हणतो. पण पुढच्यांना विचारतो कुठे? ज्याला अजून जीभ फुटलेली नाही त्याच्या नावाने निर्णय घेणे सोपे असते. आणि त्या निर्णयात आपले नाव मागे राहावे हा मोह किती, हे ज्याचे त्याने तपासावे. अबशालोमाने पुत्र नाही म्हणून स्वतःच्या नावाचा स्तंभ आपल्या हयातीतच उभारला होता. शेवटी त्याचे डोके अडकले ते ओकच्याच फांद्यांत.

तरीही पुढच्यांसाठी लावूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने १६६९ साली राज्यातील वनांसाठी कडक कायदा केला. पुढे आरमाराला ओकचे लाकूड कमी पडू नये, हा त्यातला एक मोठा हेतू. ओक वाढून तयार होईतो लढाऊ जहाजे लोखंडाची झाली आणि राखलेली वने तशीच राहिली. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिराचे ओकचे छत जळाले. त्याच्या पुनर्बांधणीसाठी देशभरातून सुमारे दोन हजार ओक आणले गेले. मनोऱ्याच्या पायासाठी बेर्सेच्या जुन्या राजवनातून निवडलेले आठ ओक २०० वर्षांहून अधिक वयाचे होते. डिसेंबर २०२४ मध्ये महामंदिर पुन्हा उघडले. ज्या वनांकडून राजाला युद्धनौका हव्या होत्या, त्यांनी मरियेच्या मंदिराला छप्पर दिले. लावणाऱ्याच्या इच्छेला झाड बांधील राहिले नाही, हे आम्हांला त्या साऱ्या हकिकतीत विशेष आवडते.

आब्राहामाचेही असेच. आयुष्यभर तो तंबूत राहिला. बैरशेबा येथे त्याने झाऊचे झाड लावले ते परक्या मुलखात. त्या झाडाखाली कोणी बसावे याविषयी त्याने काही अट घातल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात नाही.

आमच्या धर्मग्रामांत श्रद्धेविषयी बोलताना नेहमी मुळांची भाषा वापरली जाते. पूर्वजांनी वृक्ष लावला, आपण सावलीत बसलो आहोत, आता मुले परदेशी गेली आणि मुळे तुटली! आम्हीही असे पुष्कळदा लिहिले आहे. पण वसईच्या किल्ल्यात जाऊन पाहावे. ओकसारखी टिकावीत म्हणून बांधलेली तिथली चर्चे १७३९ नंतर ओस पडली. आज भिंती उभ्या आहेत आणि वर आकाश आहे. श्रद्धा मात्र किल्ल्याबाहेर, बावखलांच्या काठच्या घरांतून, आजीच्या संध्याकाळच्या जपमाळेतून पुढे आली. प्रत्येक घराने आपल्या बेटाचा तुकडा काढून दुसऱ्याच्या हातावर ठेवला. वृक्षाच्या सावलीत बसणाऱ्याला काही करावे लागत नाही; बेट वाटणाऱ्याला दर पिढीत हात मातीत घालावे लागतात. मुलांची मुळे तुटली अशी तक्रार करणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनी त्यांच्या हाती मुनवा दिला होता काय, हे आम्ही स्वतःला आजवर नीटसे विचारलेले नाही.

भाच्याला आम्ही लिहिले की घराजवळच्या त्या मातीत ओक लावू नये. बागेत गवत लावावे. ओकची हौस असेल तर मोकळे रान असलेल्या एखाद्या जागेच्या मालकाची परवानगी मागावी आणि तेथे तो लावावा, स्वतःच्या नावाची पाटी न लावता.

उत्तर भाचेसुनेकडून आले. तिने लिहिले होते की तिचा विचार आमच्याइतका लांबचा नव्हता. नोकरीपायी दोन घरे बदलून झाली, हेही कायमचे असेल असे नाही. घर सोडताना गवताचा एक तुकडा कुंडीत घालून नेता येईल, एवढेच तिच्या मनात होते. तिच्या आईने लग्नात तुळशीचे रोप दिले होते, ते मात्र विमानतळावर अडवले गेले.

खाली भाच्याने दोन ओळी जोडल्या होत्या. परवानगीसाठी त्याने त्यांच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना विचारले आहे. चर्चमागे मोठे मैदान आहे. उद्यानातून उचललेली ओकची तीन फळे त्याने ओल्या वाळूत घालून शीतकपाटात ठेवली आहेत. वाळली की ती मरतात, आणि एकाला आताच मूळ फुटले आहे.